टाके आणि ताटवे : विणकाम व उद्यानदर्शनाची एक आगळी सहल

वैद्यकीय व्यवसायातील माणसाला रजा मिळणे कठीण आणि मिळालेली रजा खऱ्या अर्थाने उपभोगता येणे त्याहून कठीण, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांचा आहे. वर्षाकाठी आठ-दहा दिवस दवाखान्याला कुलूप लावून आपण सहकुटुंब बाहेर पडतो खरे. परंतु नऊ दिवसांत सात शहरे, पहाटेची न्याहारी, बसमधली हजेरी आणि प्रत्येक ठिकाणी पाऊण तासाची मुदत असा कार्यक्रम पत्करतो. रुग्णांची रांग मागे राहते आणि तिच्या जागी प्रेक्षणीय स्थळांची रांग उभी राहते. घरी परतल्यावर या विश्रांतीचा शीण घालवण्यासाठी आणखी चार दिवस हवेत, असे आपणच हसत हसत म्हणतो.

या धावपळीला पर्याय ठरू शकेल असा सहलीचा एक प्रकार पाश्चात्त्य देशांत, विशेषतः ब्रिटनमध्ये, चांगला रुजला आहे. सकाळी लोकरीच्या विणकामाची कार्यशाळा आणि दुपारी एखाद्या जुन्या, नामांकित उद्यानाची सावकाश भेट, असे त्याचे स्वरूप असते. प्रथमदर्शनी ही कल्पना निवृत्त आजीबाईंच्या करमणुकीची वाटेल. परंतु थोडा खोलात जाऊन विचार केला, तर डॉक्टरांच्या थकव्यावर याहून समर्पक उतारा क्वचितच सापडेल, असे वाटू लागते. तो कसा, हे उलगडून सांगण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

सहलीचे स्वरूप

अशी सहल साधारणपणे आठ ते दहा दिवसांची असते. गट लहान, म्हणजे दहा-पंधरा जणांचा. सोबत विणकाम शिकवणारी एक जाणकार व्यक्ती आणि वनस्पतींची माहिती असलेला एक मार्गदर्शक असतो. मुक्काम दोन किंवा तीनच. सकाळी दोन-अडीच तास सर्वांनी गोल करून बसायचे आणि एखादी लहानशीच वस्तू विणायला घ्यायची : कानटोपी, मनगटपट्टा किंवा फार तर मफलर. नवशिक्यांना टाके घालण्यापासून शिकवतात. सरावलेल्यांना त्या प्रदेशातील खास नमुने दाखवतात. जेवणानंतर एकच उद्यान पाहायचे, पण ते दोन-तीन तास. तिथे बसायला बाक असतात आणि त्या बाकांवर बसणे हा कार्यक्रमाचाच भाग समजला जातो. परीक्षा नाही, स्पर्धा नाही, वस्तू पुरी झालीच पाहिजे असा आग्रहही नाही.

विणकाम आणि बाग यांची ही जोडी वरवरची नाही. दोन्हींत निर्मिती होते ती हळूहळू, एकावर एक रचत. दोन्हींत घाई केल्यास काम बिघडते. आणि सकाळी दोन तास सुईच्या टोकाशी खिळलेल्या डोळ्यांना दुपारी दूरच्या हिरवाईत विसावा मिळतो.

ब्रिटनमध्ये अशा सहलींसाठी अनेक प्रदेश आहेत. येथे उदाहरणादाखल स्कॉटलंड घेतले आहे. कारण विणकाम व उद्याने या दोन्ही गोष्टी तेथील मातीतून उगवलेल्या आहेत आणि त्यांपैकी एकीचे मूळ तर आपल्याच व्यवसायात आहे.

एडिनबरो : वैद्यांनी लावलेली बाग

एडिनबरोचे रॉयल बोटॅनिक गार्डन आज सुमारे सत्तर एकरांवर पसरलेले आहे. परंतु त्याची सुरुवात १६७० साली होलिरूड राजवाड्याजवळच्या, एखाद्या अंगणाएवढ्या जमिनीच्या तुकड्यावर झाली. ती करणारे रॉबर्ट सिबाल्ड आणि अँड्र्यू बाल्फोर हे दोघेही वैद्य होते. त्या काळी औषध म्हणजे मुख्यतः वनस्पती. खरी वनस्पती कोणती आणि तिच्यासारखी दिसणारी भलतीच कोणती, हे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय वैद्यक शिकवता येणार नाही, ही त्यांची भूमिका. पुढे १६८१ साली एडिनबरोचे रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स स्थापन झाले, त्यातही सिबाल्ड अग्रभागी होते. बागेने नंतर अनेकदा जागा बदलली आणि १८२० नंतर ती सध्याच्या इन्व्हर्लीथ येथे स्थिरावली. तात्पर्य, आज ज्या जागी आपण सहलीला जातो, ती एके काळी आपल्या व्यवसायाची पाठशाळा होती.

जून-जुलै महिन्यांत स्कॉटलंडमध्ये ठिकठिकाणी फॉक्सग्लव्हचे जांभळे घोस उभे दिसतात. एडिनबरोत शिकून १७६६ साली पदवी घेतलेल्या विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली याच वनस्पतीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि डिजिटॅलिसला शास्त्रशुद्ध औषधाचे स्थान मिळवून दिले. मात्रा किती, ती कुठे थांबवावी, विषबाधेची लक्षणे कोणती, हे त्यांनी रुग्णागणिक नोंदवले होते. औषधशास्त्राच्या पुस्तकात जिचे नाव आपण शेकडो वेळा वाचले, ती वनस्पती वाऱ्यावर डोलताना पाहणे हा डॉक्टरांसाठी एक निराळाच आनंद आहे.

मराठी वाचकांसाठी या उद्यानात आणखी एक जिव्हाळ्याचा धागा आहे. एडिनबरोत वैद्यक शिकलेले अलेक्झांडर गिब्सन हे स्कॉटिश शल्यवैद्य ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत मुंबई इलाख्यात आले. दख्खन व खानदेशात देवीची लस टोचण्याचे काम त्यांनी केले आणि १८३८ साली पुण्याजवळच्या दापोडी येथील वनस्पती-उद्यानाचे ते अधीक्षक झाले. औषधी वनस्पतींची लागवड हा त्या उद्यानाचा एक महत्त्वाचा हेतू होता. १८४७ ते १८५० या सुमारास गिब्सन यांनी एका चित्रकाराकडून वनस्पतींची सुरेख रंगीत चित्रे काढून घेतली. त्या चित्रकाराचे नाव इतिहासाला ज्ञात नाही. दापोडीची बाग राहिली नाही. पण ती चित्रे एडिनबरोच्या या उद्यानाच्या संग्रहात आजही जपलेली आहेत. मुळा-पवनेच्या काठची झाडे कागदावर उतरून इतक्या दूर सुखरूप राहिली आहेत, हे ठाऊक असलेल्या मराठी माणसाला ही बाग परकी वाटणार नाही.

इन्व्हर्यू : वीस वर्षांची वाट

एडिनबरोहून रेल्वेने इन्व्हर्नेस आणि तेथून मोटारीने पश्चिम किनाऱ्यावर गेले की यू नावाच्या खाडीच्या काठी इन्व्हर्यू हे उद्यान लागते. हे ठिकाण मॉस्कोपेक्षाही उत्तरेला आहे. तरीही येथे दक्षिण गोलार्धातील वृक्षनेचे आणि हिमालयातील बुरांसाची झाडे खुल्या आकाशाखाली वाढतात. अटलांटिक महासागरातील उबदार प्रवाहामुळे येथील हिवाळा अक्षांशाच्या मानाने सौम्य असतो, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण माणसाचे आहे.

१८६२ साली ऑसगुड मॅकेन्झी यांनी येथे बाग करायचे ठरवले, तेव्हा ही जागा म्हणजे समुद्रात घुसलेला जवळजवळ उघडा खडक होता. खारे वारे कोणतेही रोप टिकू देत नसत. मॅकेन्झी यांनी पाठीवरच्या टोपल्यांतून माती आणवली. पण फुलझाडे लावण्याची घाई केली नाही. प्रथम त्यांनी काठाने पाइन वृक्षांची दाट वारारोधक रांग लावली आणि ती झाडे उंच होऊन आडोसा तयार होईपर्यंत सुमारे वीस वर्षे वाट पाहिली. बागेचे वैभव त्यानंतरचे. त्यांच्या कन्येने १९५२ साली हे उद्यान स्कॉटलंडच्या नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केले.

तीन दिवसांत ताप उतरला नाही तर डॉक्टर बदलणाऱ्या रुग्णांच्या सहवासात आपले आयुष्य जाते, आणि नकळत आपणही तसेच अधीर होतो. वीस वर्षे केवळ आडोशासाठी थांबलेल्या माणसाच्या बागेत दोन तास बसले, तर त्या अधीरतेला थोडी तरी लाज वाटावी.

शेटलंड : वारा, कोबी आणि लोकर

ॲबर्डीनहून रात्रीच्या बोटीने बारा-चौदा तासांत शेटलंड द्वीपसमूहाची राजधानी लर्विक गाठता येते. येथे उत्तर अक्षांश ६०च्या आसपास आहे. जूनमध्ये दिवस सुमारे एकोणीस तासांचा असतो आणि उरलेल्या वेळातही संधिप्रकाश पुरता मावळत नाही. झाडे फारच थोडी. वाऱ्यापुढे झाडाचा निभाव लागणे कठीण. म्हणून येथील शेतकऱ्यांनी एक युक्ती केली : माळरानावर दगडांची लहान, बहुधा गोलाकार, कमरेएवढी भिंत रचायची, तिच्या आत कोबीवर्गीय भाजीची रोपे वाढवायची आणि मोठी झाल्यावर घराजवळच्या वाफ्यात न्यायची. अशी दगडी कुंडाळी आजही माळावर दिसतात. राजेरजवाड्यांच्या उद्यानांपेक्षा ही मूठभर बाग मनात अधिक घर करते.

ज्या वाऱ्याने झाडे रोखली, त्याच वाऱ्याने लोकर घडवली. शेटलंडची मेंढी लहान चणीची, पण तिची लोकर मऊ आणि उबदार. पांढऱ्यापासून तपकिरी, करड्या व काळ्यापर्यंत तिचे अकरा मुख्य नैसर्गिक रंग मानले जातात आणि प्रत्येक छटेला स्थानिक बोलीत स्वतंत्र नाव आहे. पूर्वी ही लोकर कातरण्याऐवजी, ती आपोआप सुटू लागली की हाताने अलगद उपटून घेत.

येथे दोन प्रकारचे विणकाम नावाजलेले आहे. अन्स्ट बेटावरील जाळीदार शाली इतक्या तलम असत की आख्खी शाल अंगठीतून ओढून काढता येई. ढाक्याच्या मलमलीची आठवण व्हावी अशीच ही ख्याती. दुसरा प्रकार फेअर आयल या चिमुकल्या बेटाचा. त्याचे रंगीबेरंगी पट्टे पाहून वाटते की दहा-बारा धागे एकाच वेळी खेळत असावेत. प्रत्यक्षात एका ओळीत दोनच रंग असतात. एक पुढे विणला जातो, तेव्हा दुसरा मागून तरंगत येतो. या मागच्या धाग्यामुळे कापड दुहेरी होते आणि ऊब वाढते. १९२०च्या दशकात तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्सने असा स्वेटर घातला आणि तो नमुना जगभर पोहोचला.

परंतु या सौंदर्यामागची दुसरी बाजूही चांगला मार्गदर्शक सांगतोच. येथील बायका कमरेला चामड्याचा, घोड्याच्या केसांनी भरलेला, भोके असलेला पट्टा बांधत. त्यात सुईचे एक टोक खोवले की चालताचालता विणता येई. पाठीवर सरपणाच्या पीट मातीची टोपली, पायांखाली ओबडधोबड वाट आणि हात विणत राहिलेले. या श्रमाचा मोबदला दीर्घकाळ रोख मिळत नसे. व्यापारी विणलेला माल घेई आणि त्याबदल्यात आपल्या दुकानातला चहा किंवा कापड देई. मग घरात पीठ आणण्यासाठी त्या बाईला तो चहाच दुसऱ्याकडे विकावा लागे. १८७२ साली सरकारी चौकशी अहवालात या पद्धतीची साक्षीपुराव्यांसह नोंद झाली. आपण जो छंद म्हणून शिकतो, तो कोणाचा तरी पोटाचा उद्योग होता, हे भान या सहलीने दिले पाहिजे. मग हाताने विणलेल्या स्वेटरची किंमत ऐकून घासाघीस करण्याचे मन होत नाही.

उसवता येणारी चूक

आता मूळ मुद्द्याकडे वळू. आपल्या भाषेत 'टाका' हा शब्द दोन्हीकडे चालतो : शस्त्रक्रियागृहात आणि लोकरीच्या सुईवर. पण दोन्ही टाक्यांत एक मोठा भेद आहे. आपला टाका चुकला तर त्याची भरपाई रुग्णाला करावी लागते, आणि काही चुकांना भरपाईच नसते. हे ओझे घेऊनच आपण रोज काम करतो. विणकामात मात्र सारे कापड एकाच अखंड धाग्याच्या, एकमेकांत गुंफलेल्या फासांचे असते. त्यामुळे सुई काढून धागा ओढला की ओळीमागून ओळ उसवते आणि लोकर पुन्हा हातात येते. एखादा टाका निसटून खाली शिडी पडत गेली, तरी क्रोशाच्या सुईने तो एकेक पायरी वर चढवून आणता येतो. सुलट आणि उलट हे दोन टाकेही वेगळे नाहीतच. समोरून जो सुलट, तोच मागून उलट. चुका करण्याची, त्या सर्वांसमोर उसवण्याची आणि कोणाचेही नुकसान न होता पुन्हा आरंभ करण्याची मुभा प्रौढ डॉक्टरला आयुष्यात दुसरीकडे फारशी मिळत नाही.

याला संशोधनाचा आधार किती, हा प्रश्न आपण विचारणारच. २०१३ साली व्यवसायोपचाराच्या एका ब्रिटिश नियतकालिकात ३,५४५ विणकाम करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय पाहणी प्रसिद्ध झाली. वारंवार विणणाऱ्यांनी शांत व आनंदी वाटत असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. मात्र ही स्वेच्छेने दिलेली उत्तरे होती. विणकामाने शांती येते की शांत माणसे विणतात, हे त्यावरून ठरत नाही. हिरवाईबाबत रॉजर उलरिच यांचा १९८४चा अभ्यास प्रसिद्ध आहे. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, अशा २३ रुग्णांची तुलना त्यांनी भिंत दिसणाऱ्या २३ रुग्णांशी केली. झाडे दिसणारे रुग्ण सरासरीने लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास लहान आहे. तरी विचार करायला लावणारा आहे. थोडक्यात, सुई किंवा बाग हे औषध आहे असा दावा करू नये. दुखणे नैराश्याचे असेल, तर त्यावर उपचारच करावे. परंतु निरोगी माणसाच्या थकव्यासाठी हात गुंतवणारी आणि मन मोकळे ठेवणारी विश्रांती हितकर असते, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

काही व्यावहारिक सूचना

ज्यांना अशी सहल करावीशी वाटेल, त्यांच्यासाठी काही गोष्टी नमूद करणे इष्ट होईल.

ऋतू : बुरांसाचा बहर पाहायचा तर एप्रिल-मे, हिमालयी निळ्या खसखशीची फुले पाहायची तर मे-जून. विणकामाला प्राधान्य असेल तर सप्टेंबरअखेर लर्विकला जावे. तेथे २०१० पासून लोकरीचा सप्ताह साजरा होतो.

हात : अंगठ्याच्या मुळाचा संधिवात, मनगटातील मज्जातंतूवरील दाब किंवा अंगठ्याच्या स्नायुबंधांची सूज असणाऱ्यांनी सलग विणू नये. दर वीस-तीस मिनिटांनी सुया खाली ठेवून बोटे व मनगटे मोकळी करावीत. धातूपेक्षा बांबूच्या सुया हलक्या. वर्तुळाकार सुईमुळे विणलेल्याचे वजन मांडीवर राहते आणि मनगटावर ताण कमी पडतो. जवळचे पाहण्याचा चष्मा आणि चांगला उजेड आवश्यक. शल्यचिकित्सकांनी आपल्या हातांची काळजी अधिक घ्यावी, हे वेगळे सांगायला नको.

लोकर : ती टोचते म्हणजे ॲलर्जीच असते असे नाही. बहुधा जाड तंतूंची टोके त्वचेला बोचतात. मऊ लोकर निवडल्यास वा आतून सुती कपडा घातल्यास त्रास टळतो.

बाग : उंच गवतातून चालताना पायजमा मोज्यांत खोवावा आणि रात्री अंगावर गोचीड चिकटलेली नाही ना, हे पाहावे, स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात गोचिडीमार्फत लाइम रोग होऊ शकतो. परतल्यावर काही आठवड्यांत त्वचेवर पसरत जाणारे लाल वर्तुळ दिसल्यास हा प्रवास आठवावा. उन्हाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर बारीक चावऱ्या माश्या संध्याकाळी फार सतावतात. त्यांच्यामुळे रोग पसरत नाही, पण जाळीची टोपी सोबत असावी. फॉक्सग्लव्ह, बचनाग, यू यांसारख्या झाडांची पाने-फुले तोडून हाताळू नयेत.

प्रवास : विमानात सुया हातातल्या पिशवीत न ठेवता मोठ्या सामानात द्याव्यात. नित्याची औषधे, चिठ्ठी व प्रवासविमा विसरू नये. ही सूचना डॉक्टरांना करावी लागते, हेच आपले वैशिष्ट्य! आणि गटात ओळख करून देताना 'मी विणकाम शिकायला आलो आहे', एवढेच सांगावे. अन्यथा दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या टेबलावर सहप्रवाशांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मांडल्या जातील.

पुरुष सभासदांना संकोच वाटत असल्यास त्यांनी लक्षात घ्यावे की, सोळाव्या शतकातील युरोपात सुईवरच्या विणकामाचे कारागीर-संघ पुरुषांचेच होते.

आपल्या अंगणात

परदेशी सहल प्रत्येकाला शक्य नाही आणि आवश्यकही नाही. ग्वाल्हेर-इंदूरकडील मराठी घरांत थंडीच्या दिवसांत गच्चीवर ऊन खात स्वेटर विणणारी पिढी अजून आहे. तयार कपडे स्वस्त झाले आणि त्या सुया कपाटात गेल्या. ज्या आई, आत्या, मावशी आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, त्यांच्या बोटांत कित्येक नमुने आहेत, जे कोणत्याही वहीत लिहिलेले नाहीत. आपण त्यांना भेटतो तेव्हा बहुधा रक्तदाब मोजतो, साखरेचा अहवाल पाहतो आणि निघतो. पुढच्या भेटीत लोकरीचा एक गुंडा सोबत न्यावा आणि टाके कसे घालायचे ते विचारावे. वृद्ध रुग्णाला डॉक्टरांनी शिष्य म्हणून विचारलेला प्रश्न त्याला किती सुखावतो, याचा प्रत्यय येईल. आणि जे ज्ञान त्यांच्याबरोबर जाणार आहे, त्यातले काही तरी आपल्या हातात राहील.

येत्या हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी आपल्या मंडळाने गावातल्या एखाद्या जुन्या बागेत असा अर्धा दिवस योजावा. अध्यापनासाठी ज्येष्ठ महिलांना सन्मानाने बोलवावे, सोबत एखादे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असावेत, भ्रमणध्वनीचे काम आळीपाळीने एका सभासदाकडे सोपवावे आणि बाकीच्यांनी स्वस्थ बसावे. सुलट दोन, उलट दोन इतके जमले तरी पहिल्या बैठकीला ते पुरेसे आहे.